उंदरांचं वेळापत्रक

सकाळचा उजेड त्या घरात सरळ कधी येत नसे. तो आधी समोरच्या इमारतीच्या जिन्याच्या काचांवर पडे, तिथे थोडा रेंगाळे, आणि मग अनोळखी घरी निरोप द्यायला आलेल्या माणसाच्या संकोचानं खिडकीतून आत येई. पहिल्यांदा छतावर एक फिकट चौकोन उमटे; इतका फिकट, की तो आहे की नाही याबद्दल पाहणाऱ्याचं स्वतःशीच दुमत व्हावं. मग त्या चौकोनाला हळूहळू कडा फुटत. तो भिंतीवरून खाली उतरू लागे. खिळ्याला टांगलेली छत्री, कपाटाच्या आरशाचा कोपरा, खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकलेली इवलाली दुपटी, या सगळ्यांना एकेकदा हात लावून तो अखेर पाळण्याशी पोचे आणि तिथे मात्र बराच वेळ थांबे. येणाऱ्या गोष्टींपैकी उजेड हा असा एकटाच, की ज्याची चाहूल कानाला लागत नाही; आणि पाळण्यातलं बाळ रोज सकाळी सगळ्यांच्या आधी त्याच्याकडेच बघत असे.

त्या उजेडात, पाळण्याच्या डोक्याकडच्या बाजूला, हातात पातेल्याची दोन झाकणं घेऊन मामा श्वास रोखून उभे होते.

झाकणं एकमेकांवर आदळली. बाळानं डोळे मिटून उघडले. आतल्या खोलीत जावयाच्या हातातला चहा बशीत सांडला, खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची मागे सरकवली, आणि न्हाणीघरातून मामांच्या बायकोचा आवाज आला, की झालं का समाधान, की आता तोफ मागवायची.

"ऐकलं तिनं," मामा म्हणाले. "डोळे मिटले."

"तुम्ही तोंडावर वारा घातलात. मीसुद्धा मिटले असते."

मामा म्हणजे बाळाच्या आईचे वडील. नोकरीच्या ठिकाणी त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत. शहराच्या कडेला एक संशोधन संस्था होती. तिथे कानाच्या आतल्या कानाचा अभ्यास चाले आणि त्या अभ्यासाला लागणारे उंदीर मामा सांभाळत. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, कुणाचं कुणाशी जमवायचं आणि कुणाला कुणापासून लांब ठेवायचं ते ठरवणं, बाळंतिणींना जास्तीचा खाऊ देणं, अशी एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्या बाईची सगळी कामं ते एकहाती करत. फरक इतकाच, की त्या कुटुंबात त्यांना कुणी उलट बोलत नसे. घरी ती उणीव बायको भरून काढी.

बाळ जन्मलं त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या परिचारिकेनं ऐकू येतं का ते बघायला त्याच्या कानात एक मऊ बोंड घालून यंत्र लावलं होतं, आणि यंत्रानं नकार दिला होता. पुढे पुन्हा लावलं, पुन्हा नकार. डॉक्टर म्हणाले, आता मोठी तपासणी करू. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून करतात, दुखत नाही. पण उशीर नको. बोलणं शिकण्याचं मूळ या पहिल्या महिन्यांतच धरतं. उपाय करायचा तर वेळेत करायला हवा. हे ऐकून घरातल्या सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. कारण कान हा विषय त्या घरात मामांचा होता, जसा विळी हा बायकोचा आणि वीजबिल हा जावयाचा.

मामा म्हणाले, "थांबू या."

मामांच्या मुलीनं दवाखान्यात फोन करून मिळालेली तारीख रद्द केली. आणि त्या 'थांबू या' वर ते घर तेव्हापासून उभं होतं. बाळ आता चौथ्या महिन्यात शिरलं होतं.

थांबायचं का, ते मामांनी एका संध्याकाळी मटार सोलता सोलता समजावून सांगितलं होतं. सोललेले दाणे त्यांनी ताटात मांडले: आत एक रांग, तिच्या बाहेर तीन रांगा. आतल्या कानात शंखासारखी वळत गेलेली एक नळी असते, ते म्हणाले, आणि तिच्यात या अशा रांगांनी केसपेशी बसलेल्या असतात. पण त्या आयत्या येत नाहीत. सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्याच, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. मग त्यांच्यातली एखादी मनावर घेते, की मी ऐकणारी होणार. आणि जिला जिला तिचा स्पर्श होतो तिला ती बजावते, की तू नाही व्हायचंस. तू बस आणि मला धरून ठेव. त्या बिचाऱ्या मुकाट्यानं आधाराच्या पेशी होतात. उभी राहिलेली मात्र डोक्यावर केसांचा तुरा काढते, एका बाजूला आखूड आणि पुढे उंच होत जाणारा, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. आवाज आला की तो तुरा झुकतो, आणि झुकला की मेंदूला कळतं.

"अगदी तुमच्या घरातल्यासारखं," बायको म्हणाली. "तुमचे दादा उभे राहिले, तुरा काढला, आणि बाकीचे तुम्ही सगळे जन्मभर त्यांना धरून बसलात."

जावयानं भीत भीत विचारलं, की मग सगळ्याच पेशी का नाही उभ्या राहत. जावई हा सभ्य माणूस होता. फरशांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या पसंतीला मान डोलावून त्याची मान घरीही डोलतच राहायची.

"सगळ्याच उभ्या राहिल्या तर धरणार कोण?" मामा म्हणाले.

बायकोनं त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि शेंगा सोलायला घेतल्या.

मग मामा उंदरांकडे वळले. आणि उंदरांकडे वळले, की त्यांच्या आवाजाला एक वेगळीच मऊ किनार येई. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा ठार बहिरं असतं. त्याचे कान पाकळीसारखे मिटलेले असतात. आत पेशी असतात, पण अजून त्यांची घडण चाललेली असते. बाहेरून काही येत नसताना त्या आपल्याआपणच खडबडून मेंदूला हाका घालतात, जणू सराव करतात. दोनेक आठवडे पिल्लू तसंच गुलाबी, आंधळं पडून राहतं. आणि मग एका सकाळी मामा संस्थेतल्या उंदरांच्या कोठीचं दार उघडत, कडी वाजे, आणि ज्याला काल जग बुडालं असतं तरी पत्ता लागला नसता ते पिल्लू दचके. माणसाच्या आयुष्यात अशा सकाळी फार येत नाहीत. मामांच्या वाट्याला त्या दर महिन्याला येत. बादली हातात तशीच ठेवून ते बघत उभे राहत. इतकी वर्षं इतक्या पिल्लांना त्यांनी असं दचकताना पाहिलं होतं, की बहिरेपण म्हणजे सकाळ होण्याआधीची एक वेळ, एवढाच त्याचा अर्थ त्यांच्या मनात उरला होता.

"आपलं बाळ जरा उशिरा उठणाऱ्यांतलं आहे," ते म्हणाले. "सध्या तिचा सराव चालू आहे."

"माझ्या नातीला उंदीर म्हणायचं नाही," बायको म्हणाली.

जावयानं हळूच आठवण दिली, की उंदराचे दोन आठवडे तर आपले केव्हाच होऊन गेले. त्यावर मामांनी त्रैराशिक मांडलं. उंदीर जगतो दोन वर्षं, त्याला लागतात दोन आठवडे. माणूस जगतो सत्तर वर्षं, तर त्याला किती? उत्तर सव्वा वर्षाच्या थोडं पुढे आलं. म्हणजे तोपर्यंत काळजीचं कारणच नव्हतं.

"आणि कासवाच्या पिल्लानं काय करायचं?" बायकोनं विचारलं. "आईबाप म्हातारे व्हायची वाट बघायची?"

पण मुलगी हसली नाही. तिनं ताटातले दाणे बोटानं सरळ केले आणि म्हणाली, "बाबा सांगतायत तर असेल तसं." लहानपणी ती वडिलांबरोबर त्या कोठीत गेली होती, दचकणारी पिल्लं तिनंही पाहिली होती. जावई त्या रात्रीपासून जिना चढताना एक वाक्य मनाशी घोळवत असे, की बाबा, आपण एकदा तपासणी करूनच घेऊ. दारात आल्यावर मात्र त्याच्या तोंडून निघे, की आज उकडतंय.

मग घरात चाचण्यांचं सत्र सुरू झालं. झाकणांच्या वाऱ्याचा आक्षेप बायकोनं काढला, तेव्हा मामा दोन हात लांब सरकले. बाळानं मान वळवली. मामा जिंकले. बायकोनं खिडकीकडे बोट दाखवलं: त्यांच्या हातांची सावली पाळण्यावरून सरकली होती. मामांनी पडदा ओढला आणि जमिनीवर वरवंटा आपटला. बाळाचे दोन्ही हात वर उडाले. बायकोनं पाळण्याचा पाय ज्या सुट्या फरशीवर होता तिच्यावर स्वतः उभं राहून दाखवलं, की फरशी दातासारखी हलते. जावई फरशांतला जाणकार. त्याला खाली वाकून मान डोलवावीच लागली. कागदी पिशवी फुगवून फोडली, तेव्हा बाळ काही केल्या हललं नाही, आणि मामा म्हणाले की आता तिला आपल्या आवाजांची सवय झाली आहे.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त तिकीट तपासनीस एकटे राहत. वरवंट्याच्या दिवशी ते वर आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आपण आयुष्यभर गाडीत झोपलो, पण असा खडखडाट तिथेही नव्हता. मामांनी त्यांना बसवून सगळं समजावलं, मटार नव्हते म्हणून बटणं मांडली. तपासनीसांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना जावयाला जिन्यात म्हणाले, "तुमचे सासरे बिनतिकीट आहेत. ज्याच्याकडे तिकीट नसतं तोच फार बोलतो."

या सगळ्यात एक गोष्ट मामांच्या नजरेला पडली होती आणि तिच्याबद्दल त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. बाळाला उचलायला जाताना बायको कधी हाक मारत नसे. ती आधी त्याच्या पावलाला हात लावी, ते तिच्याकडे वळेपर्यंत थांबे, आणि मग उचली. अगदी पहिल्या महिन्यापासून.

संस्थेत त्या आठवड्यात उंदरांच्या कानांची मोजणी होती. तिची रीत ठरलेली. पिंजरा स्पंजाच्या गादीवर ठेवायचा, म्हणजे टेबलाचा धक्का पोचत नाही. एकानं पडद्यामागे बसून पत्र्याची पट्टी दाबायची. ती 'टक्' वाजते. दुसऱ्यानं समोर बसून उंदराचा कान फडकतो का ते बघायचं. बघणाऱ्यानं आपल्या कानांवर जाड टोप्या चढवायच्या. पडद्याच्या कडेला एक बारीकसा दिवा लागला की बघायचं आणि 'हलला' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं. कोणता उंदीर कोणत्या घराण्याचा ते त्याला सांगायचं नाही. आणि पडद्यामागच्यानं मधूनमधून दिवा लावायचा, पण पट्टी मात्र दाबायची नाही. त्यानं बघणाऱ्याचीच परीक्षा होते. मामा नेहमी बघायला बसत. त्यांचा डोळा संस्थेतलं सगळ्यांत भरवशाचं यंत्र होता; बाकीची यंत्रं दरवर्षी दुरुस्तीला जात.

पडद्यामागे त्या दिवशी नव्या मॅडम होत्या. त्या नुकत्याच दुसऱ्या संस्थेतून आल्या होत्या, कमी बोलत, आणि उंदीर हाताळताना त्यांना मनापासून 'सॉरी' म्हणत. काम दुपारपर्यंत चाललं. टोप्यांच्या आतल्या त्या कापसासारख्या शांततेत मामा एकाग्र होऊन कान बघत राहिले. आज त्यांना पुष्कळ कान हलताना दिसले. त्यांना बरं वाटत होतं.

काम संपल्यावर मॅडम पडद्याबाहेर आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्यांनी मामांना खुणेनं टोप्या काढायला सांगितल्या.

"मामा, ज्यांच्या केसपेशींना तुराच धरत नाही त्या घराण्याचे चार ठार बहिरे उंदीर होते यात. चारही तुम्ही हलले म्हणालात."

मामा म्हणाले, पिंजरे बदलले गेले असतील. मॅडमनी कानांतले बिल्ले तपासले होते. पिंजरे बरोबर होते. मामा म्हणाले, उंदराला कधी नुसतीच खाजही येते.

"येते. पण मी पट्टी दाबलीच नव्हती, तेव्हाही तुम्ही हलला म्हणालात. जवळजवळ दर वेळी." मग त्यांनी विचारलं, "नात कशी आहे?"

मामा म्हणाले, बरी आहे. आणि मग त्यांना स्वतःलाही कळलं नाही असं ते सगळं बोलून गेले: यंत्राचा नकार, थांबू या, सराव, त्रैराशिक. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि तेच वाईट झालं. कारण घरी बायको अडवत असल्यामुळे हे भाषण शेवटपर्यंत कधी गेलंच नव्हतं. ते कुठे जाऊन पोचतं, हे मामांनी आज पहिल्यांदा ऐकलं.

"उंदराचं जे बाहेर आल्यावर होतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ते माणसाचं आईच्या पोटातच होऊन गेलेलं असतं. मूल ऐकतच जन्माला येतं. मी इथे आले त्या दिवशी पिंजरे दाखवताना तुम्हीच सांगितलंत हे. म्हणालात, म्हणून तर उंदीर पाळायचे, जे आपल्याला पोटात दिसत नाही ते इथे दिसतं."

सांगितलं होतं. आलेल्या प्रत्येकाला ते सांगत. मामांनी स्पंजाची गादी उचलून तिच्यावरचा भुसा झटकला, मग झटकलेलीच पुन्हा झटकली, आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

दारात बायकोनं विचारलं, की लवकर कसे, उंदीर संपावर गेले की काय. मामांनी जाडजूड गोधडी मागितली. ती चार पदरी करून त्यांनी पाळण्याच्या जागी अंथरली आणि बाळाला तिच्यावर निजवलं. दोरीवर चादर टाकून पडदा केला. पडद्यामागे झाकणं घेऊन बायकोनं बसायचं. मनाला येईल तेव्हा वाजवायची, मनाला येईल तेव्हा नाही. जावयाची त्या दिवशी सुट्टी होती. त्यानं तिच्या बाजूला उभं राहून दर खेपेला चादरीवरून बोट वर करायचं. राहिला प्रश्न बघायला कोण बसणार याचा.

"बघणारा असा हवा," मामा म्हणाले, "की ज्याला काहीच नको आहे."

घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. असा माणूस त्या घरात नव्हता. शेवटी जावई खाली जाऊन तपासनीसांना घेऊन आला. त्यांना फक्त शांतता हवी होती.

मामांनी त्यांच्या कानांत कापूस घातला आणि वरून बायकोचा लोकरी स्कार्फ हनुवटीखाली गाठ मारून बांधला. तपासनीस बाळासमोर मांडी घालून बसले. ज्या डोळ्यांनी त्यांनी आयुष्यभर झोपेचं सोंग घेतलेल्या प्रवाशांना पारखलं होतं, ते डोळे त्यांनी बाळावर रोखले. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. चादरीवर बोट वर आलं.

"नाही," तपासनीस म्हणाले. कानांत कापूस असल्यामुळे ते फार मोठ्यानं म्हणाले.

पुन्हा बोट. "नाही."

झाकणं कधी वाजत, कधी वाजत नसत. बोट वर येत होतं, आणि एकाच आवाजात, एकाच ठेक्यात, स्थानकांची नावं यावीत तसं उत्तर येत होतं. नाही. नाही. एकदा मात्र ते अडखळले. बाळ हातपाय उडवून खदखदत होतं.

"ही माझा स्कार्फ बघून हसतेय," ते म्हणाले. "हे ऐकण्यात धरायचं का?"

चादरीमागे झाकणं जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला, अगदी जपून ठेवल्याचा. तपासनीसांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि निकाल विचारला नाही. स्कार्फ सोडून, घडी घालून, त्यांनी तो खुर्चीवर ठेवला. दारातून मागे वळून ते म्हणाले, "वाजवायची असली तर वाजवत जा झाकणं. मला काही त्रास नाही त्याचा."

ते गेल्यावर मुलगी बाळाजवळ बसली. तिनं त्याचं पाऊल मुठीत धरलं. "तारीख मी रद्द केली, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता, आणि दोष नाही म्हणून मामांना कुठे बघावं ते कळेना. जावयानं घसा साफ केला, सगळ्यांकडे पाहिलं, आणि जिन्यात इतक्या वेळा पाठ केलेलं वाक्य अखेर म्हणायला तोंड उघडलं. पण तोपर्यंत मामा उठून फोनकडे गेले होते.

दवाखान्यातल्या बाईंनी बाळाचं वय विचारलं, पत्ता विचारला, मग तक्रार विचारली. मामा म्हणाले, की आधी एक छोटी तपासणी झाली आहे आणि तिच्यात जरा शंका निघाली होती. बाई म्हणाल्या, ते कळलं, पण तक्रार काय लिहू? मामा म्हणाले, की बाळ तसं उत्तम आहे; वजन चांगलं आहे, नजर चलाख आहे, उजेडाकडे बघतं, माणसं ओळखतं, आत्ताच खदखदून हसलं. बाई म्हणाल्या, की आवाज तुटतोय, मागे रांग आहे, एका वाक्यात सांगा आणि जरा मोठ्यानं सांगा.

मामांनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"आमच्या नातीला ऐकू येत नाही," ते म्हणाले.